लेकीच्या घरचं पाणी

पिंपळीच्या धोंडाबाईला बोलावणं गेलं की ती उंबऱ्याबाहेरच थांबायची आणि आधी एकच विचारायची, "लेकीला सांगितलं का?" लोकांना ते खपत नसे. आजारी माणूस आत ऐकतंय आणि ही बया दारातच शंख करते, म्हणायचे. काही घरांनी तर तिला बोलावणंच सोडलं. पण धोंडाबाई हटली नाही. "सांगितलं नसंल तर आधी गाडी जुपा, मग मी आत येते," एवढंच बोलायची.

पूर्वी ती अशी नव्हती. उलट तिच्यासारखं गोड बोलणारं माणूस इंदापूरच्या रस्त्याला दुसरं सापडलं नसतं. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं, पोटी काही नाही. आधी सासूचं केलं, मग चुलत्याचं, आणि मग जाणाऱ्या माणसाजवळ बसायचं तर धोंडाबाईनंच, असं गावानं ठरवूनच टाकलं. कूस बदलावी तर तिनं. कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करावेत, तळपायाला तेल चोळावं, आणि खोलीत बसून उसाच्या भावावर गप्पा हाणणाऱ्या पाहुण्यांना सरळ ओसरीवर हाकलावं, तेही तिनंच. माणसाला मरण दिसू द्यायचं नाही, हा तिचा नेम. "उठशील की, काय धाड भरलीय तुला," असं म्हणत म्हणत तिनं कितीतरी जणांना अलगद पोचवलं होतं. त्याचा तिला थोडा तोराही होता, खोटं कशाला बोला.

छत्तीस सालच्या पौषात प्रयागबाई अंथरुणाला खिळली. पोटात गाठ. बारामतीच्या डॉक्टरनं तिच्या लेकाला, सोपानला, बाजूला घेऊन, घरी न्या, म्हणून सांगितलं. प्रयागबाई म्हणजे धोंडाबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच साली नवऱ्या होऊन पिंपळीत आलेल्या, एकाच पाटावर धुणी धुतलेली.

प्रयागबाईच्या मनात एकच सल होता. तिची म्हाळसा कऱ्हाटीला दिलेली. लेकीला मूल झाल्याशिवाय आईनं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. म्हाळसाची कूस काही उजवली नाही. एका उन्हाळ्यात प्रयागबाई तिच्याकडं गेली. कऱ्हा कोरडी ठाक पडलेली. लेकीनं नदीच्या वाळूत झिरा उकरून, वाटी वाटीनं घागर भरून आणली आणि चार बायकांदेखत तांब्या पुढं केला. प्रयागबाईनं हात जोडले. "न्हाय गं बाई, रीत हाय." म्हाळसा तिथंच पेटली. वांझ म्हणून हिणवायलाच आली होती आई, असं तिला वाटलं. "तुमी कालव्यावरची माणसं. आमचं झिऱ्याचं पाणी कशाला गोड लागंल? मग पुन्यांदा येऊच नका." प्रयागबाई तशीच तहानलेली परत आली. त्याला किती वर्षं लोटली, पण दोघींची तोंडं काही एक झाली नाहीत.

"धोंडे," ती अंथरुणातून म्हणायची, "बरी झाले की कऱ्हाटीला जाते. तिच्या हातचं तांब्याभर पाणी पिते. जळू दे ती रीत."

"जाशील की. संक्रांत होऊ दे, ताकद येऊ दे, मग मीच येते संगं."

सोपान मात्र अस्वस्थ होता. एक दिवस त्यानं गोठ्यात गाठून विचारलं, "मावशे, आक्काला सांगावा धाडू का?"

"खुळा का काय तू? भांडलेली लेक दारात दिसली की तुझी आय काय समजायचं ते समजंल. आज दोन घास खाती, ते बी सोडंल."

पोरगं वैरण टाकायला वळलं. कऱ्हाटी काय काशीला होती? सकाळी गाडी जुपली तर दिवेलागणीला बैलं माघारी दावणीला. पण धोंडाबाईचा शब्द म्हणजे शब्द.

संक्रांत अजून पुढंच होती आणि एका सकाळी प्रयागबाईचा श्वास चढला. धोंडाबाईनं माजघराची जमीन सारवली, घोंगडी अंथरली, तिला खाटेवरून खाली घेतलं. सणाचं सारवण गं, असंही म्हणाली. पण तुळशीचं पान दिसल्यावर कुणाला फसवणार? प्रयागबाईनं पान पाहिलं, धोंडाबाईचं तोंड पाहिलं. त्या नजरेत राग असता तरी बरं झालं असतं. राग नव्हता.

"म्हाळसाला सांगितलं?"

"व्हय तर. निघालीय. येतीच हाय."

सोपाननं गाडी जुपली ती त्यानंतर. इकडं धोंडाबाईनं तुळशीच्या पानानं पाणी ओठाला लावलं, तर प्रयागबाईनं ओठ मिटून घेतले. "तिच्या हातनं," एवढंच म्हणाली. पुन्हा लावलं, पुन्हा मिटले. डोळे दाराकडं. ऊन उंबऱ्यावरून अंगणात सरकलं तरी ती दाराकडंच बघत होती. दुपारी गेली, कोरड्या ओठांनी.

म्हाळसा तिन्हीसांजेला पोचली. गुडघ्यावर बसून तिनं आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "मला आधी का न्हाय सांगितलं कुणी?" सोपाननं मान खाली घातली. धोंडाबाई कोपऱ्यात उभी होती.

तेरावा होऊन म्हाळसा सासरी गेली आणि मागोमाग धोंडाबाई कऱ्हाटीला निघाली. जेवण गोड लागेना, दुसरं काय करणार? म्हाळसानं रीतीप्रमाणं घोंगडी टाकली, तांब्या पुढं ठेवला. धोंडाबाईनं तांब्याला हात लावला नाही.

"आधी ऐक. तुझी आय पानी प्यायला येनार हुती. तुज्या हातचं. रीत मोडून. रोज म्हनायची. सोपान सांगावा धाडत हुता, मीच न्हाय म्हनले. शेवटाला आमचं पानी तिनं घेतलं न्हाय, तुजी वाट बघितली. मी तिला खोटंच सांगितलं, तू निघालीयास म्हनून."

म्हाळसानं विचारलं, "माज्या घरचं पानी पिनार म्हनली?"

"व्हय."

"मी तर समजले, वांझुटीचा इटाळ धरून गेली."

ती शिव्या देईल, हाकलून देईल, या तयारीनं धोंडाबाई आली होती. तसं झालं असतं तर तिला जरा हलकं वाटलं असतं. पण म्हाळसानं डोळे पुसले, तांब्या उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या मावशे, लांबनं आलाय. घसा कोरडा पडला आसंल."

धोंडाबाईनं तांब्या ओठापर्यंत नेला. घोट काही घेववेना. तिनं तो तसाच भरलेला खाली ठेवला आणि उन्हात तहानलेलीच पिंपळीची वाट धरली.