चाळीस टेबलं कोणी मांडली?

भुतंबितं आपण कधी मानली नाहीत. परळच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये हमाल होतो... तिथल्या वासाने भूत दारातूनच पळेल! सांगतोय मी, लिहितेय सून. मला अक्षर येत नाही. नोकरीला लागताना मात्र 'चौथी पास' ठोकून दिलेलं.

हे ठाऊक एका परबसरांना. ते डेमॉन्स्ट्रेटर. प्रोफेसरसाहेब लेक्चर देऊन घरी जायचे. पोरांना प्रयोग शिकवणं, जर्नलं तपासणं, कुणाचा हात भाजला तर मलम लावणं — सगळं परबसर. आणि नोकरी कच्ची, वर्षावर्षाची.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांना पकडलं, नेमकं प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी. परीक्षेच्या सकाळी साहेबांनी माझ्या हातात यादी दिली.

"गणपत, चाळीस टेबलांवर या पावडरी मांड. परबबरोबर करतोस ना नेहमी?"

"हो साहेब."

नेहमी मी नुसता ट्रे धरायचो! सगळ्या पावडरी पांढऱ्या. यादी उलटी धरली की सुलटी, तेही कळेना. चुकलो तर पोरं नापास. यादी खिशात घातली, लॅबला कुलूप लावलं, चावी कमरेला, खाली जाऊन चहा प्यायलो. म्हटलं, गेली नोकरी.

वर येऊन कुलूप काढलं... चाळीस टेबलं मांडलेली! पावडर, नंबराची चिठ्ठी, सगळं डाव्या हाताला. परबसर डावखुरे, ते तसंच मांडायचे.

साहेबांनी यादी लावून बघितली. एक चूक नाही.

"कोणी मांडलं?"

"मी, साहेब," म्हटलं मी गाढवाने.

पंधरा दिवसांनी परबसर सुटून आले, तर त्यांची जागाच नाही. साहेबांनी वर कळवलेलं — हमाल करतो ते काम, डेमॉन्स्ट्रेटर कशाला?

मी सरांना सगळं सांगितलं.

"त्या दिवशी कोठडीत वेळ जाईना रे," म्हणाले. "डोळे मिटून टेबलंच मांडत बसलेलो."

"पण यादी माझ्या खिशात होती, सर!"

"तेच तर."

"मी साहेबांना खरं सांगतो."

"मग तुझी नोकरी जाईल. पोरं किती तुला?"

"तीन."

"मग गप बस."

टेबलं कोणी मांडली, आजपर्यंत कळलेलं नाही. मी नाही मांडली, एवढंच बोलायला साहेबांच्या खोलीत तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, "काय रे?" आणि मी रिकामे कप उचलून बाहेर आलो.