तीन सीझनचा नारळ

नवघरला रविवारी टेनिस बॉलच्या टुर्नामेंट व्हायच्या, तेव्हा मी स्कोअर लिहायचो. राई गावाच्या टीममध्ये उत्तनचा एक डावखुरा बॉलर होता, एरवी होडीवर काम करणारा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळे 'उत्तनवाला' म्हणायचे, मीही वहीत तेच लिहायचो. प्रत्येक बॉलआधी तो हात पँटला पुसायचा, जसा काही आत्ताच जाळं ओढून आलाय.

नवघरच्या टीममागे बिल्डर होता. ते उत्तनवाल्याला एका टुर्नामेंटचे दुप्पट पैसे द्यायला तयार होते. राईवाल्यांना ते परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी गावदेवीपुढे नारळ फोडून तीन सीझनचा शब्द दिला: हात चालो न चालो, तू आमचाच.

"दुप्पट सोडलेस?" मी एकदा विचारलं.

तो हसला. "त्यांना दर रविवारी नवा बॉलर गावतो. यांना मी एकच हाय."

तिसऱ्या सीझनला त्याचा डावा खांदा गेला. मी राईची यादी लिहायला बसलो, तर कॅप्टन म्हणाला, "पयला उत्तनवाला लिवा."

त्या दिवशी त्याने उजवा हात पँटला पुसला आणि उजव्यानेच बॉल टाकला. सिक्स बसला. सगळ्यात जोरात शिट्ट्या राईवाल्यांनीच मारल्या.