मैदानाला बांध नव्हता

मनमाडच्या रेल्वे कॉलनीत पोरांच्या बरोबरीने फुटबॉल खेळत मी वाढले. उजव्या बगलेवरून धावत राज्याच्या संघापर्यंत पोचले आणि एका सकाळी साध्या सरावात गुडघा गेला. जो तो सांगायचा, आता प्रशिक्षक हो. जणू प्रशिक्षक म्हणजे खेळाडूची पेन्शन. मला त्या शब्दाचाच राग यायचा. तरी पेठकडच्या डोंगरात मुलींच्या एका निवासी शाळेत क्रीडाशिक्षिकेची जागा निघाली, तेव्हा मी नाशिकहून मुकाट्याने एसटीत बसले. घरी बसून लोकांचे सल्ले ऐकण्यापेक्षा ते बरं होतं.

शाळेला मैदान नव्हतं. भात कापून झालं की शेजारचं खाचर मोकळं व्हायचं, त्यातच आम्ही खेळायचो. चारही बाजूंनी गुडघाभर उंच मातीचा बांध. मुलींचा दम असा की शिट्टी वाजवून मलाच आधी बसावं लागे. मुख्याध्यापकांचा जीव मात्र खोखोत. फुटबॉल त्यांनी माझ्या हट्टापायी चालू दिला होता.

पहिल्याच हिवाळ्यात मी संघ घेऊन नाशिकला स्पर्धेला गेले. छाती पुढे काढूनच गेले होते, खोटं कशाला बोलू. सामना सुरू झाला आणि आमची डावी विंगर, संघातली सगळ्यात लहानखुरी पण सगळ्यात हट्टी पोरगी, चेंडू घेऊन सुसाट निघाली. समोर बचावाची खेळाडू आली तसा हिने चेंडू तिरका बाहेरच्या रेषेकडे मारला, स्वतः तिला वळसा घालून पुढे गेली आणि चेंडू परत यायची वाट बघत उभी राहिली. चेंडू रेषेबाहेर गेला तो थेट वडापावच्या गाडीखाली. लोक हसले. थोड्या वेळाने दुसरीने तेच केलं, मग तिसरीने. शेवटी विंगर धापा टाकत माझ्याकडे आली.

"मॅडम, हितं बांध कुठं हाय?"

आमच्यावर पाच गोल झाले. शाळेत परतल्यावर मी मुख्याध्यापकांना सांगितलं, की मुलींना बांधाची सवय आहे आणि तिथे बांध नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मग निर्णयही ऐकवला. अजून एक वर्ष. त्यातही हरलो तर फुटबॉल बंद, खोखो सुरू. मला त्यांचा राग आला, आणि ते अगदीच चूक बोलत नाहीत याचा त्याहून जास्त आला. खेळाडू म्हणून मी संपले होतेच. आता दुसऱ्यांदा संपायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी बांधावर बसून मी विंगरचा खेळ नीट बघितला. ती बांधावर चेंडू मारायची आणि तो परत कुठे येणार हे तिच्या पायांना आधीच ठाऊक असायचं. एकीने चेंडू द्यायचा, दुसरीने पहिल्याच स्पर्शात तो पुढे परतवायचा, हे फुटबॉलमधलं जुनं हुकमी हत्यार. महिनाभर मी ते 'वन-टू, वन-टू' ओरडून शिकवत होते आणि मुली नुसत्या माना डोलवत होत्या. त्यांना ते येतच होतं. फक्त त्यांची दुसरी खेळाडू मातीची होती.

मी उठले आणि खाचराच्या मधोमध जाऊन उभी राहिले. "आता मी बांध. मार," म्हटलं.

ती बिचकली, मग तिने मारला. मी पाय तिरका धरला. चेंडू तिच्या पुढ्यात गेला तेव्हा ती तिथे पोचलेली होती. किती दिवसांनी माझ्या पायाला चेंडू असा नेमका लागला होता. मला इतका आनंद झाला की डोळे पुसायला पाठ फिरवावी लागली.

त्यानंतर रोज पाळीपाळीने एकेक मुलगी बांध व्हायची. पुढच्या हिवाळ्यात त्याच मैदानावर अंतिम सामन्यात आमच्यावर पाच गोल करणारा तोच संघ पुन्हा समोर आला. शेवटपर्यंत बरोबरी. मग विंगर निघाली, "बांध!" ओरडली आणि गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या मैत्रिणीने चेंडू अलगद परतवला. शहरातल्या मुली अजून त्या शब्दाचा अर्थच लावत होत्या, तोवर चेंडू जाळ्यात होता. मी उडी मारली. गुडघा विसरले होते, तो काही मला विसरला नव्हता. मुलींनी मला उचलूनच एसटीत चढवलं.

फाट्यावर मुख्याध्यापक हार घेऊन उभे होते. म्हणाले, "शेतमालकाशी बोललोय. बांध फोडून ऐसपैस मैदान करून देतो."

विंगर माझ्यामागून पुढे झाली. "सर, बांध नका फोडू. मंग बारक्या पोरी कशा शिकतील?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "अंगण वाकडंच राहू द्या, सर." ते पहिल्यांदाच माझ्यासमोर मनापासून हसले.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधून मी खाचरात गेले. पाचवीतल्या नव्या मुली चेंडू घेऊन घोळक्याने उभ्या होत्या. मी मधोमध पाय रोवले आणि म्हटलं, "मार."