मी तर हिरवी पट्टी बांधली होती

आधीच सांगते, भूतबीत मी मानत नाही. उस्मानपुऱ्यात राहते, बावीस वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे. तिथं कितीतरी जीव डोळ्यांदेखत गेले... परत आलेलं कुणी दिसलं नाही.

दारातच माझं टेबल असतं. पेशंट बघायचा, मनगटाला पट्टी बांधायची, तिच्यावर वेळ लिहायची. लाल म्हणजे लगेच आत, हिरवी म्हणजे थांबा.

मे महिना, भर दुपारचे अडीच. चिकलठाण्याहून नवरा-बायको आले. त्याचा पाय मुरगळलेला. बाई पन्नाशीची, घामानं निथळत होती.

"आधी ह्यांना बघा सिस्टर. मला काय नाय, कालच्या एकादशीचं पित्त हाय, मळमळतंय. जबडा तेवढा आवळल्यावाणी झालाय."

"झेपत नाही तर उपास करता कशाला?" मी खेकसले. छातीत दुखतंय का विचारलं, ती "नाय" म्हणाली. झालं! हिरवी पट्टी बांधली आणि नवऱ्याला घेऊन ड्रेसिंग रूममध्ये गेले. घाम, जबडा, मळमळ — बायकांचा हार्ट अटॅक असाही येतो, हे नव्या पोरींना मीच शिकवते. आणि त्या दिवशी मीच...

दहा मिनिटांत डॉक्टरांची हाक आली. "सिस्टर, लाल पट्टीवाल्या बाईंना मोठा अटॅक आहे, पळा!"

धावले तर तीच बाई! मनगटावर लाल पट्टी. वेळ दोन पस्तीस, अक्षर माझंच. दोन पस्तीसला मी तिच्या नवऱ्याच्या पायाला बँडेज गुंडाळत होते — तोच साक्षीला आहे.

नंतर सीसीटीव्ही पाहिला. मी हिरवी बांधताना दिसते. त्यानंतर तिच्याजवळ कुणीच फिरकत नाही. ती उठून आत जाते, तेव्हा मनगटावर लाल.

बाई वाचली. चौथ्या दिवशी वॉर्डात तिनं माझा हात धरला.

"तुम्ही माघारी येऊन पट्टी बदलली म्हणून मी हाय बघा. पण लई रडत होत्या तुम्ही. सारखं 'चुकलं माझं' म्हणायच्या... काय चुकलं हो तुमचं?"

ती मी नव्हते, हे सांगायला तोंड उघडलं. पण बाहेर शब्द आले ते तेच, आणि रडूही आवरेना.

"चुकलं माझं."

"व्हय, असंच म्हणत होत्या," ती म्हणाली.