चर्चच्या आढ्यातलं झाड

आमच्या गावचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन आणि वर मोहाचं एक आढं. ते आढं आमच्या बांधावरचं. थोरल्या भावानं मला न विचारता झाड तोडून चर्चच्या मंडळीला देऊन टाकलं. बांध दोघांचा, झाड दोघांचं. चैत्रात त्याखाली माझी बायको पहाटेपासून फुलं वेचायची. मी अक्कलकुव्याच्या बाजारातून परत आलो, तर बांधावर नुसतं खोड!

माझं डोकंच फिरलं. "देवाला द्यायचं तर आपलं द्यावं, दुसऱ्याचं कशाला?" असं भर उपासनेत बोललो आणि निघून आलो. त्या दिवसापासून चर्चची पायरी चढलो नाही.

चर्चचे पाळक समजवायला आले. मी मास्तर माणूस, वाद घालायची सवय. म्हटलं, देव काय तुमच्या पत्र्याखाली कोंडलाय? मी घरी प्रार्थना करतो. खरंच करत होतो, रोज. घरी माझ्या आणि देवाच्या मधे कुणी येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेच मला गोड लागत होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधे प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटलीतल्या भाकरीचा तुकडा खायचा. आदल्या संध्याकाळी दादा माझ्या अंगणात यायचा, खाटेवरही बसायचा नाही. "चुकलो रे. चल ना उद्या."

"झाड उभं कर, मग येतो."

तो मान खाली घालून जायचा. मला वाटायचं, मंडळीच्या कारभारात वडील म्हणून आहे, माणसं गोळा करायला आलाय. नऊ वर्षं हेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही जळला नव्हता. बायको दर रविवारी एकटी जायची. घरी येऊन तिनं चर्चचं नाव काढलं की मी ताटावरून उठायचो, म्हणून तिनं ते काढणंच सोडलं.

यंदा दादाला कावीळ झाली. वहिनीनं निरोप धाडला, "बोलावतोय." दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजार करून जाऊ म्हटलं. इतकी वर्षं थांबला, एक दिवस थांबेल. दुपारी बाजारातच कळलं, दादा गेला.

माती दिल्यावर वहिनीजवळ बसलो. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नसेल. नऊ वर्षं त्यानं प्रभुभोजन घेतलं नाही. भाकरीची ताटली सगळ्यांपुढे धरायचा, स्वतः तुकडा उचलायचा नाही. पाळक रागावले, तरी नाही. भाऊ रुसलेला असताना मी तिथं कसा खाऊ, म्हणायचा. आधी त्याच्याशी गोड होऊ दे."

मी बायकोकडे पाहिलं. तिलाही ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझ्या तोंडी लागायची कुणाची टाप होती? अरे देवा, म्हणजे तो मला चर्चमधे न्यायला येतच नव्हता. माझ्याकडून माफी घेऊन तो स्वतः भाकरीपाशी जाणार होता. एक 'बरं' म्हणायला माझी जीभ झडली असती का?

आता मी दर रविवारी जातो. आढ्याखालीच बसतो, पुरुषांच्या चटईवर, दादाच्या जागेशेजारी. ती जागा कुणी घेत नाही, घेतली असती तर बरं वाटलं असतं. प्रभुभोजनाला ताटली माझ्यापुढे येते. मी ती पुढच्या माणसाकडे सरकवतो.

पाळक म्हणतात, मास्तर, देवानं माफ केलंय, घ्या. केलं असेल. मी वाद घालत नाही, वाद घालण्यातच सगळं घालवलं. घरी गुडघ्यावर बसून 'दादा, चुकलो' असं कितीदा म्हटलं. देवानं ऐकलंही असेल. पण ते दादानं ऐकायला हवं होतं.