चौदा महिन्यांची पोटुशी

मी ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिते असं सांगितलं, की पुलगावात समोरचा माणूस आधी मला पाणी विचारतो. मग हळूच म्हणतो, "घरी सगळे ठीक ना?"

घरी सगळे ठीकच होते, एक सासरे सोडून! आमचे मामाजी म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर आणि चर्चचे सेक्रेटरी. चर्चचं एक चारपानी मासिक निघतं. त्याच्या शेवटच्या पानावर माझी 'भोंगा वाजला गं!' ही कादंबरी दर महिन्याला एकेक प्रकरण करून यायची. इंग्रजांचा काळ, कापसातली सरकी काढायचं जिन, आणि त्याच्या भोंग्यात नेमके बुडणारे प्रेमाचे शब्द. सतरा प्रकरणं छापून झाली, पण एका माणसानं कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही.

"कोनी वाचत नाई ते, सूनबाई," मामाजींनी शनिवारी सकाळी जाहीर केलं. "उद्या भक्ती झाल्यावर पंचांची मीटिंग हाय. बंद करून टाकू. त्या पानावर वाढदिवसाची यादी देऊ."

"तुम्ही वाचली का, मामाजी?"

"मले कुठं टाइम हाय?" (हे बोलताना ते कालच्या पेपरातलं शब्दकोडं खोडून पुन्हा सोडवत होते.)

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मोरीत जाऊन चांगली रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, कादंबरी मरायची तर मरू दे, पण सलोमीचं लग्न लावूनच मरेल! सलोमी माझी नायिका. तिचा खरा नायक दावीद. पण नवव्या प्रकरणात मी त्याला वर्धा नदीच्या पुरात सोडून दिलं होतं. (फार बोलायचा.) मग जिनमधल्या योहान नावाच्या वजनकारकुनाला बढती देऊन मी नायक केलं. आता त्याच्या लग्नाचं प्रकरण लिहायचं होतं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर बोला म्हणतात. असा प्रसंग रंगवायचा तर हातात खरा कागद नको? मी मामाजींच्या टेबलावरचा कोरा छापील फॉर्म उचलला आणि सुरेख अक्षरात भरला. वर: योहान दानियेल साळवे, जिनमध्ये वजनकारकून. वधू: सलोमी याकोब शेंडे, राहणार नाचणगाव. वराची सही तर मी डाव्या हातानं ठोकली! तो कागद समोर ठेवल्यावर प्रकरण असं सरसर उतरलं की विचारू नका. फॉर्म मात्र टेबलावरच राहिला.

मामाजींनी रविवारी सूचनांचे कागद गोळा केले, त्यात तोही गेला. (एवढा बिनचूक भरलेला फॉर्म आपण आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे शंकाच आली नाही, असं ते नंतर म्हणाले.) पाळकसाहेब नगरकडून नुकतेच बदलून आलेले. कोण कुणाचं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "योहान दानियेल साळवे, व्यवसाय, वजनकारकून..."

माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक धपकन खाली पडलं.

"काय झालं वं?" शेजारी बसलेल्या प्रमोदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"अहो, तो माझा योहान आहे!"

"तुझा?" प्रमोद एवढ्यानं ओरडला, की मागच्या बाकावरच्या दोघी ऐकायला पुढं सरकल्या.

"...या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्यांनी आताच सांगावे."

या वाक्यानंतर आमच्याकडे कुणी खोकतसुद्धा नाही, उगाच गैरसमज नको म्हणून. मी उठून खरं काय ते सांगणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "मले हरकत हाय!"

रूथमावशी! दवाखान्यातल्या रिटायर्ड नर्स. चर्चमधली निम्मी माणसं त्यांच्याच हातांनी जगात आलेली.

"या गड्याची पयली बायको जित्ती हाय, पाळकसाहेब!"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही जबाबदारीनं बोलताय ना?"

"तं काय! मार्था नाव हाय तिचं. बाळंतपनाले आर्वीले माहेरी गेलती. चौदा महिने झाले, पोटुशीच हाय बिचारी!"

"चौदा महिने?"

"मीबी तेच म्हणून राह्यली! एवढ्या बाया मोकळ्या केल्या म्या, असं कधी पाह्यलं नाई!"

मार्था! तिसऱ्या प्रकरणात पान भरेना म्हणून मीच तिला बैलगाडीत बसवून आर्वीला धाडलं होतं. त्यानंतर ती बाई माझ्या डोक्यातून साफ गेली. नायक नेमताना मी त्याचं लग्न झालंय की नाही, एवढंसुद्धा पाहिलं नव्हतं!

तोवर विल्सनकाका उठले. "आन हा गडी सलोमीले सांगते का मी एकटा हावो! बाराव्या प्रकरणात!"

"तेराव्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हणजे..." पाळकसाहेबांनी चष्मा परत चढवला. "या माणसावर तेरा प्रकरणं आहेत?"

"सतरा!" सगळं चर्च एका सुरात म्हणालं.

"अरे देवा! मग पोलिसांना कळवलं का? हा आहे कुठं?"

पन्नास बोटं माझ्याकडे वळली. मी उभी राहिले. "पाळकसाहेब, तो... मासिकात असतो. शेवटच्या पानावर."

पाळकसाहेबांनी हातातला फॉर्म पुन्हा एकदा वाचला. मग पाळकसाहेबच आधी हसले, आणि त्यांच्यामागून अख्खं चर्च खो खो हसलं. हसले नाहीत ते फक्त मामाजी. मी शरमेनं मान खाली घालून उभी होते, पण आतून? आतून मी नाचत होते! वाचतात! मेले सगळे वाचतात! प्रकरणाच्या नंबरासकट पाठ आहे त्यांना!

बाहेर आल्यावर तर मला चप्पल घालू देईनात. "मार्थाले वापस आनजो वं!" "दावीद पोहून निंगाला असन, नाई का?" "काऊन बुडवलं वं त्या पोराले? किती गोड बोले!"

मीटिंगमध्ये रूथमावशी पंच नसतानाही खुर्ची ओढून बसल्या. त्यांना बाहेर काढायची कुणाची हिंमत झाली नाही. मामाजींनी खिशातली वाढदिवसाची यादी काढली, मावशींकडे पाहिलं, आणि घडी घालून परत ठेवली. मग त्यांनी हेडमास्तरी अक्षरात ठराव लिहून काढला, "कादंबरी चालू ठेवावी. मात्र पुढील प्रकरण लिहिण्यापूर्वी लेखिकेने ती एकदा वाचून घ्यावी."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सध्या मी सहाव्या प्रकरणात आहे. बाई बरी लिहिते हो!