साळवे मॅडमचं खारं गवत

साळवे मॅडम काचेच्या टाकीत बोट बुडवायच्या, जिभेला लावायच्या आणि आमटी जमल्यासारखी मान डोलवायच्या. समुद्रापासून इतक्या लांब, लष्कराच्या छावणीजवळच्या आमच्या कॉलेजात, कोकणातल्या खाडीतून आणलेलं गवत त्यांनी खाऱ्या पाण्यात जगवलं होतं. कुणी त्याला शेवाळ म्हटलं की खवळायच्या. "शेवाळाला मुळं असतात व्हय? गवत आहे ते, गवत! पाण्याखाली फुलतं!" वर्गात त्यांची भाषा इस्त्रीची, चिडल्या की थेट माहेरच्या वैजापूरची.

त्या निवृत्त होणार होत्या, त्याच उन्हाळ्यात गवतानं पहिल्यांदा कळ्या धरल्या. जाण्याआधी पोरांना फूल दाखवायचं, एवढा एकच ध्यास. तेवढ्यात बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना वैजापूरला जावं लागलं. टाकी माझ्याकडे आली. मी मराठीचा मास्तर. माझ्या हातून तुळससुद्धा जगलेली नाही.

"पाणी उतरलं की साधं पाणी टाका, सर. उन्हानं पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. म्हणून साधंच. आलं ना लक्षात?"

"आलं की!" मी म्हणालो. लक्ष समोरच्या भज्यांत होतं.

पाणी उतरलं तेव्हा मी डोकं चालवलं. समुद्राचं गवत आणि साधं पाणी? बहिणीच्या काळजीत मॅडम चुकून बोलल्या असणार. घरून मिठाचा पुडा आणला आणि प्रत्येक तांब्यात सढळ हातानं मीठ कालवत गेलो. कळ्या काळ्या पडायला लागल्या, तर मला वाटलं, मीठच कमी पडतंय.

मॅडम परतल्या. बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ टाकलं व्हय, सर?"

"थोडंसं..."

"लोणचं घातलंत की हो!" त्या हसल्या. मग बाही वर सारून कुजलेली पानं एकेक करून काढत बसल्या. जगण्यासारखं एकही मूळ उरलं नव्हतं. मला तिथून उठताही येईना.

निरोप समारंभात एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, आमचं फूल कुठंय?"

मी खुर्चीत खाली सरकलो.

"माझं चुकलं गं," मॅडम म्हणाल्या. "सरांना म्हणाले, साधं पाणी टाका. पण का, ते सांगितलंच नाय. शिकवणाऱ्यानं असं करू नये."

त्यांच्या या मोठेपणाला हॉलभर टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या.